नाताळात थंडी किती असेल रे?

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की पुण्याहून मावशीचा फोन ठरलेला. "नाताळच्या सुट्टीत तुमच्याकडे न्यू जर्सीला यायचं म्हणतोय. थंडी किती असेल रे तेव्हा? तिकडे म्हणे तीन-तीन महिने आधी सगळं सांगतात." मागून काकांचा आवाज येतो, "त्याला कशाला विचारतेस? शिमला ऑफिसात जाऊन विचार!"

(पुण्याबाहेरच्या मंडळींसाठी: शिमला ऑफिस म्हणजे शिवाजीनगरची वेधशाळा. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण त्या चौकाला नाव चिकटलं ते चिकटलंच.)

काका थट्टा करतात, पण त्या थट्टेत त्यांना वाटतं त्याहून जास्त तथ्य आहे. ते पुढे येईलच.

मावशीचा प्रश्न मात्र वाटतो तितका साधा नाही. एकूण हिवाळा कसा जाईल हे तीन महिने आधी सांगता येतं का? येतं, थोडंफार. मग नाताळच्या आठवड्यात थंडीची लाट येईल का हे सांगता येतं? नाही. हे दोन प्रश्न एकच आहेत असं धरून माणसं वागली की काय होतं, त्याचा इतिहास वाचण्यात गेले दोन-तीन वीकांत गेले. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात जर्मनीपासून करू. फ्रान्झ बाउर हे तिथले दीर्घ पल्ल्याच्या अंदाजातले सगळ्यात मोठे नाव. १९२९ पासून ते फ्रँकफर्टमधे याच कामासाठीची संस्था चालवत होते. जुन्या नोंदी चाळायच्या, आजच्यासारखी परिस्थिती पूर्वी कधी होती ते शोधायचं आणि त्यावरून पुढचं सांगायचं, अशी साधारण पद्धत. १९४१ च्या शरदात जर्मन फौजा मॉस्कोच्या दिशेने निघालेल्या असताना त्यांच्यापुढे प्रश्न आला, येणारा हिवाळा कसा असेल?

बाउर यांचं उत्तर होतं: सर्वसाधारण किंवा सौम्य. त्यांच्या कारणांपैकी मुख्य कारण असं, की १९३९-४० आणि १९४०-४१ हे दोन्ही हिवाळे कडक गेले होते, आणि उपलब्ध नोंदींमधे लागोपाठ तीन कडक हिवाळे कधीच आले नव्हते. म्हणजे तिसरा कडक असणार नाही.

युक्तिवाद ऐकायला किती शहाणा वाटतो! पण आपल्याकडे "दोन मुली झाल्या, आता तिसरा मुलगाच" म्हणणाऱ्या आज्या होत्या ना, त्यातलाच हा प्रकार. समजा दर सहा हिवाळ्यांमागे एक कडक असतो आणि एका वर्षाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. मग लागोपाठ तीन कडक येण्याची शक्यता २१६ मधे १. शे-दीडशे वर्षांच्या नोंदीत असं एकदाही सापडलं नाही तर त्यात नवल काहीच नाही. पण दोन कडक हिवाळे होऊन गेल्यावर तिसऱ्याची शक्यता किती? तीच जुनी, सहात एक. नोंदीत नाही याचा अर्थ निसर्गात होऊ शकत नाही असा होत नाही. (आम्ही प्रोग्रॅमर लोक हेच वेगळ्या भाषेत म्हणतो: टेस्टमधे कधी आलं नाही म्हणून प्रॉडक्शनमधे येणार नाही असं नसतं.)

१९४१-४२ चा हिवाळा युरोपात विसाव्या शतकातल्या सगळ्यात थंड हिवाळ्यांपैकी एक ठरला. त्या वेळी लुफ्तवाफेच्या हवामान सेवेत असलेले हर्मान फ्लोन यांनी पुढे एक आठवण नोंदवली आहे. आघाडीवर पारा उणे ४० च्या घरात गेल्याचं बाउर यांना फोनवर कळवलं, तेव्हा त्यांचं म्हणणं पडलं की निरीक्षणंच चुकीची असणार! "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य आमच्या धंद्यात जन्मलं असं मी इतके दिवस समजत होतो :)

हसू येतं, पण लगेच विरतं. त्या हिवाळ्यात जर्मन सैन्यात हिमदंशाची लाखावर प्रकरणं झाली. २० डिसेंबर १९४१ ला, नाताळच्या पाच दिवस आधी, गोबेल्सने रेडिओवरून जनतेला आवाहन केलं की आघाडीवरच्या सैनिकांसाठी लोकरी आणि फरचे कपडे द्या. नंतर त्या आघाडीवरच्या सैनिकांना जे पदक मिळालं, त्याला सैनिकांनीच नाव ठेवलं 'गोठलेल्या मांसाचं पदक'.

बाउर यांच्यावर सगळं खापर फोडणं बरोबर होणार नाही. मोहीम हिवाळ्याच्या आत संपणार हे वरिष्ठांनी आधीच ठरवून टाकलं होतं. गरम कपड्यांचा हिशेबही जिंकल्यावर मागे राहणाऱ्या तुकड्यांपुरताच होता. अंदाजाने त्यांना नवीन काही सांगितलं नाही, त्यांना जे ऐकायचं होतं तेच सांगितलं. पण मला वाटतं हीच खरी गोम आहे.

कारण समुद्रापलीकडे, दुसऱ्या बाजूलाही हेच चाललं होतं. केनेथ अ‍ॅरो हे पुढे १९७२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले गृहस्थ तेव्हा अमेरिकी वायुदलात हवामान अधिकारी होते. त्यांच्या गटापुढे महिनाभर आधीच्या अंदाजांचा विषय होता. संख्याशास्त्राच्या कसोट्या लावल्यावर दिसलं की हे अंदाज टोपीतून चिठ्ठ्या काढण्यापेक्षा बरे नाहीत. हे बंद करा, असं वर कळवलं. उत्तर आलं ते असं, की अंदाजांचा काही उपयोग नाही हे सेनापतींना चांगलं माहीत आहे, तरीपण नियोजनासाठी त्यांना ते हवेत.

प्रोजेक्टची एस्टिमेट्स देऊन देऊन केस पिकलेल्या माझ्यासारख्याला हा किस्सा वाचून हसावं की रडावं कळेना.

आता थोडं, महिनाभर आधी नेमकं का सांगता येत नाही याबद्दल. एडवर्ड लॉरेन्झ हेही युद्धकाळात हवामानाचे अंदाज करत. १९६१ साली ते एमआयटीत एका छोट्या संगणकावर हवामानाचं गणित चालवत होते. आधीच्या आकडेमोडीचा काही भाग परत तपासायचा म्हणून त्यांनी छापील कागदावरची संख्या टाइप केली: ०.५०६. संगणकाच्या पोटात होती ०.५०६१२७. एवढाच फरक, पण थोड्या वेळाने दोन्ही हवामानांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. आज सुमारे दोन आठवड्यांपलीकडे अमुक दिवशी अमुक होईल असं सांगता येत नाही ते यामुळे. आजचं वातावरण दशांशाच्या हव्या तितक्या स्थळांपर्यंत मोजणं कुणालाच शक्य नाही.

मग हिवाळ्याचे अंदाज करतात कसे? तर इथे काकांचं शिमला ऑफिस येतं.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. त्यानंतर पावसाळा आधी सांगता येईल का याचा शोध हवामान खात्याने घेतला, आणि हिमालयातल्या बर्फावरून हेन्री ब्लॅनफर्ड अंदाज करू लागले. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. माणूस केंब्रिजचा गणिती, बूमरँगचा अभ्यासक. हवामानातलं प्रशिक्षण शून्य. त्यांनी जगभरच्या हवेचा दाब, पाऊस, तापमान यांचे आकडे गोळा केले आणि कारकुनांच्या फौजेकडून हाताने सहसंबंध काढायला लावले. (संगणक म्हणजे आकडेमोड करणारा माणूस, असा काळ होता तो.) शोध चालला होता मॉन्सूनचा, पण आकड्यांत दिसले जगभर पसरलेले तीन झोके. पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्या दाबांतला एक झोका, त्याला नाव मिळालं सदर्न ऑसिलेशन. दुसरा नॉर्थ पॅसिफिक. तिसरा नॉर्थ अटलांटिक, म्हणजे आइसलँड आणि अझोर्स बेटं यांच्या दाबांतला. युरोपचा हिवाळा कसा जाणार हे बऱ्याच अंशी या तिसऱ्यावर ठरतं.

वॉकर १९२४ मधे निवृत्त झाले. ज्या मॉन्सूनसाठी एवढा खटाटोप केला, त्याचा भरवशाचा अंदाज त्यांना शेवटपर्यंत साधला नाही. पण सदर्न ऑसिलेशन ही एल निनोचीच हवेतली बाजू आहे हे १९६० च्या दशकात ब्यर्कनेस यांनी दाखवलं, आणि आज जगात कुठेही हिवाळ्याचा अंदाज काढायला बसलं की पहिला प्रश्न हाच असतो, एल निनो की ला निना? समुद्र हवेसारखा लहरी नाही. तो सावकाश तापतो, सावकाश निवतो. म्हणून तीन महिने आधी जे काही सांगता येतं ते मुख्यतः त्याच्या जिवावर.

आणि आता बाउर यांची गोष्ट पुरी करतो. २००४ साली स्टेफान ब्रोनिमान आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मधे दाखवलं की १९४० ते ४२ या काळातल्या विलक्षण हवामानाचा संबंध त्या वेळच्या प्रबळ आणि लांबलेल्या एल निनोशी आहे. म्हणजे मॉस्कोपुढच्या त्या थंडीचा एक धागा पॅसिफिकमधे होता, आणि तो धागा ज्या झोक्याचा, त्याचा अभ्यास वॉकर यांनी भारतात बसून केला होता!

तरीसुद्धा या धाग्याने मावशीला उत्तर देता येत नाही. का, ते २०२२ ने दाखवलं.

अमेरिकेचं हवामान खातं हिवाळ्याचा अंदाज देतं तो तीन खणांत: सरासरीपेक्षा थंड, सरासरीइतका, सरासरीपेक्षा उबदार. काहीच माहिती नसेल तर प्रत्येकी ३३ टक्के. नकाशावर '४० टक्के उबदार' असा रंग दिसला तर त्याचा अर्थ पारडं जरासं झुकलंय, एवढाच. ऑक्टोबर २०२२ मधे ओळीने तिसऱ्या हिवाळ्यात ला निना होती, आणि पूर्व किनाऱ्याचं पारडं उबदार बाजूला झुकलेलं होतं.

अंदाज बरोबर आला. पूर्वेकडचा तो हिवाळा सरासरीपेक्षा बराच उबदार गेला. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांत तर जानेवारी २०२३ नोंदींमधला सगळ्यात उबदार जानेवारी ठरला.

आणि याच उबदार हिवाळ्यात, ऐन नाताळात, उत्तर ध्रुवाकडची हवा खाली कोसळली. २१ डिसेंबरला डेन्व्हरचं तापमान एका तासात सुमारे २० अंश सेल्सिअसने पडलं. २३ तारखेला आमच्याकडे सकाळी पाऊस होता, रात्री पारा उणे दहाच्या खाली. टेनेसी खोऱ्यातल्या सरकारी वीज कंपनीला तिच्या ९० वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदा आळीपाळीने वीज तोडावी लागली. साउथवेस्ट एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या ड्यूट्या लावणाऱ्या सॉफ्टवेअरला बदलांचा वेग झेपला नाही. १६ हजारांहून जास्त उड्डाणं रद्द, २० लाखांवर प्रवासी अडकले, आणि वर्षभराने १४ कोटी डॉलर्सचा दंड. बफलो शहर आणि परिसरात ४० हून अधिक माणसं गेली. कुणी गाडीत, कुणी रस्त्यावर, कुणी घरातच, मदत पोचू न शकल्याने.

सरासरी आणि लाट एकत्र कशी नांदतात? गणित करून बघा. हिवाळ्याचे ९० दिवस. ५ दिवस नेहमीपेक्षा १५ अंशांनी थंड, उरलेले ८५ दिवस दीड अंशाने उबदार. सरासरी येते अर्ध्या अंशाहून थोडी जास्त उबदार! सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम झकास आहे म्हणून कॉलर ताठ करावी, आणि शंभरातल्या एका ग्राहकाचं पान तीस सेकंद उघडू नये, त्यातलीच ही गत.

वाईट याचं वाटतं की या वेळी कुणी बाउर यांच्यासारखं चुकलं नव्हतं. ऋतूचा अंदाज बरोबर होता. लाटेचा इशाराही काही दिवस आधी, अगदी ठणठणीत शब्दांत दिलेला होता. तरी बफलोच्या काउंटीत प्रवासबंदी लागली ती २३ तारखेला सकाळी साडेनऊला, माणसं कामावर गेल्यावर. १९४१ मधे आकड्यांचं शास्त्र कच्चं होतं, २०२२ मधे पक्कं होतं. गोठून मेलेल्या माणसाला या फरकाचा काय उपयोग? ऋतूचा अंदाज पाहून जाड कपडे, वीज आणि माणसं यांची तरतूद कमी करायची नसते, आणि पाच दिवसांचा इशारा आला की पहिल्याच दिवशी हलायचं असतं. सेनापतींना नियोजनासाठी अंदाज हवा असतो हे ठीक, पण नियोजन करायचं ते अंदाज चुकला तर काय, याचं.

असो. मावशीला यंदा फोनवर सांगितलं, "हिवाळा कसा जाईल ते साधारण सांगतो, पण नाताळचं मला विचारू नकोस. जाड कोट बॅगेत नको, हातात ठेव. तिकीट तारीख बदलता येईल असंच काढ. आणि निघायच्या पाच दिवस आधी मला फोन कर, तेव्हा नक्की सांगतो."

"म्हणजे तुलाही काही माहीत नाही," मावशी म्हणाली.

मागून काका हसत होते.