ऱ्होड आयलंड रेड: अंडीही देणारी, मांसही देणारी लाल कोंबडी

पनवेलहून गोवा महामार्गाला लागलं की ढाब्यांवर 'गावठी कोंबडी'च्या पाट्या दिसू लागतात. बाजारात तपकिरी अंडंही 'गावठी' म्हणूनच जास्त भावाने विकलं जातं. पण तपकिरी अंडं गावठी कोंबडीचंच असतं का? नाही. तसं अंडं देणाऱ्या जातींमधलं एक मोठं नाव म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, म्हणजेच पोल्ट्रीवाल्यांची 'आरआयआर'.

ही जात मूळची अमेरिकेची. 19व्या शतकात ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांनी आशियातून आलेल्या लाल मलय कोंबड्यांचा स्थानिक कोंबड्यांशी संकर केला, त्यातून ती तयार झाली. 1904 मध्ये तिला अमेरिकेत अधिकृत जातीचा दर्जा मिळाला. 1925 मध्ये अ‍ॅडम्सव्हिल गावात तिचं स्मारकही उभं राहिलं (कोंबडीचं स्मारक, हो!) आणि 1954 मध्ये ती ऱ्होड आयलंडचा राज्यपक्षी झाली.

ओळखायची कशी? पिसं गडद तांबूस, शेपटीत काळी झाक, पाय पिवळे, कानाची पाळी लाल, अंग लांबट चौकोनी. प्रमाणित वजनानुसार कोंबडा साधारण 3.9 किलोचा, तर कोंबडी 2.9 किलोची.

तिला दुहेरी उपयोगाची जात म्हणतात, कारण कोंबडी अंड्यांसाठी ठेवता येते आणि जास्तीचे नर मांसासाठी विकता येतात. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 70 अंडी देते. आरआयआर चांगल्या खाद्यावर 200च्या आसपास जाते. मांसाच्या बाबतीत मात्र ब्रॉयलरशी तिची बरोबरी नाही. ब्रॉयलर सहा आठवड्यांत विक्रीला तयार होतो, तर हिच्या नराला काही महिने पोसावं लागतं. तो खर्च न धरता हिशेब मांडला तर तोटा ठरलेला.

अंड्यांच्या या आकड्यामागे एक कारण आहे. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते आणि अंडी देणं थांबवते. आरआयआर सहसा खुडूक होत नाही. म्हणजे अंडी जास्त, पण पिल्लं हवी असतील तर यंत्र लागणार किंवा तिची अंडी गावठी कोंबडीखाली 21 दिवस ठेवावी लागणार. परसात दोन्ही असलेल्या बरे, असं म्हणतात ते यासाठीच.

महाराष्ट्रात परसातील कुक्कुटपालनासाठी गिरिराज, वनराज यांच्यासोबत ही जातही पाळली जाते. पिल्लं आणल्यावर राणीखेत म्हणजे मानमोडीची लस चुकवू नये. हा रोग आला की अख्खं खुराडं रिकामं होऊ शकतं.

आता पुन्हा त्या तपकिरी अंड्याकडे. कवचाचा रंग जातीवर ठरतो, बलकाचा खाद्यावर. रंगामुळे पोषणात फरक पडत नाही. त्यामुळे जास्तीचे पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला अंड्याचा रंग नाही, कोंबडी कुठे आणि कशी पाळली ते विचारा.