सरस, सांधे आणि पावसाळा : मॉस्किटो विमानाची गोष्ट

मित्रहो, टेबलावर ठेवलेल्या या विमानाकडे पाहून मघाशी एका छोट्या श्रोत्याने विचारलं, "आजोबा, हे खरंच उडतं का?" उडतं. म्हणजे, आता पुन्हा उडायला लागलं आहे. मधले तीन महिने ते जेवणाच्या टेबलावर तुकड्यांत पडून होतं आणि घरची मंडळी मांडीवर ताट घेऊन जेवत होती. आजचं व्याख्यान त्या तीन महिन्यांतून निघालं आहे.

आम्ही चार-पाच निवृत्त माणसं रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर रेडिओवर चालणारी विमानं उडवतो. हे त्यातलं एक. दुसऱ्या महायुद्धातल्या दे हॅविलंड मॉस्किटोची ही प्रतिकृती, दोन मोटरींची, फोमची. फोम म्हणजे गणपतीच्या मखराचा थर्माकोल नव्हे, त्याचा चिवट भाऊ. दाबला तर दबतो, पटकन तुटत नाही. पोचा आला तर त्यावर उकळतं पाणी ओतायचं, दाणे फुगून पोचा बराचसा भरून येतो. थर्माकोलला मात्र तो छोट्या ट्यूबमधला झटपट गोंद लावून पाहा, गोंद थर्माकोलच खातो. कोणत्या पदार्थाला कोणता गोंद, हे या छंदातलं पहिलं शास्त्र आहे. शाळेत कोणी ते शिकवत नाही.

अपघात असा झाला. विमान धावायला लागलं, वेग घेता घेता डावीकडे वळलं, डावा पंख खाली गेला आणि गवतात लोळण. डावी मोटर तिच्या घरट्यासकट उखडून बाजूला पडली होती. आम्ही सगळ्यांनी एकमुखाने निदान केलं : वारा. त्या दिवशी वारा होता, हे खोटं नाही. पण हे निदान इतकं सोयीचं होतं की तेव्हाच शंका यायला हवी होती. हा धागा जरा बाजूला ठेवू आणि मूळ विमानाकडे जाऊ.

इंग्लंडमध्ये १९३९-४० साली सगळे ॲल्युमिनियमच्या मागे लागलेले असताना जेफ्री दे हॅविलंड आणि त्यांचे मुख्य आरेखक आर. ई. बिशप लाकडाचं बाँबफेकी विमान करायचं म्हणत होते. त्यावर तोफा नाहीत, बंदुकधारी नाहीत, फक्त वेग. हवाई मंत्रालयातल्या बऱ्याच जणांना हा वेडेपणा वाटला. सर विल्फ्रिड फ्रीमन यांनी पाठीशी उभं राहून मार्च १९४० मध्ये पन्नास विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा लोकांनी या विमानाला 'फ्रीमनचा मूर्खपणा' असं नाव ठेवलं. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशरमध्ये सॅलिसबरी हॉल नावाचा एक जुना वाडा आहे. आरेखन तिथे झालं. २५ नोव्हेंबर १९४० रोजी हॅटफील्डच्या धावपट्टीवरून ते प्रथम उडालं. चाचण्यांत ते त्या वेळच्या स्पिटफायरपेक्षा वेगवान ठरलं आणि हसणारे गप्प झाले. एकूण ७,७८१ मॉस्किटो बांधली गेली.

याची बांधणी आम्हाला फार आवडते, म्हणून इथे जरा रेंगाळू. बाहेर बर्चचं पातळ प्लायवूड, आत पुन्हा प्लायवूड, आणि मधे बाल्सा, म्हणजे कापसासारखं हलकं लाकूड. बाल्सा दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमधून यायचं. धड उभं चिरल्यासारखं, दोन अर्ध्या शेंगांसारखं साच्यावर घडवायचे. शेंगा मोकळ्या असतानाच आतल्या नळ्या, तारा बसवून घ्यायच्या आणि मग दोन्ही अर्धी मधोमध चिकटवायची. आमचं हे फोमचं विमान नेमकं तसंच येतं : दोन अर्धी, मधे शिवण. पंख मात्र एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अखंड. लाकडावर ताणून बसवलेल्या सुती कापडाला 'मादापोलम' म्हणत. आंध्रात नरसापूरजवळ याच नावाचं गाव आहे, तिथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. म्हणजे हे विमान हिंदुस्थानात येण्याच्या आधीच हिंदुस्थानातल्या एका गावाचं नाव अंगावर घेऊन उडत होतं.

बांधणारे कोण? सुतार, फर्निचरवाले, पियानोचे कारागीर. धातूकाम करणारे हात इतर कारखान्यांत गुंतलेले होते, लाकडाचे हात मोकळे होते. हा या योजनेचा मोठा शहाणपणा. पण याचाच दुसरा अर्थ असा की सगळं विमान सांध्यांवर उभं, आणि सांधे सरसावर.

आपल्या सुतारांचा सरस जनावरांच्या हाडा-कातड्याचा. मॉस्किटोचा सुरुवातीचा सरस दुधाचा होता. दूध नासवलं की जो चोथा उरतो, त्यातल्या केसीनपासून केलेला. तो धरतो चांगला, पण ओल लागली की सैल पडतो आणि बुरशीला तर ते पक्वान्नच. पुढे केसीन जाऊन युरिया-फॉर्मल्डिहाइडचा कृत्रिम सरस आला. त्याला ओलीची भीती कमी. तरी कोणताही सरस घ्या, पृष्ठभाग स्वच्छ हवा, दोन फळ्या नीट टेकायला हव्यात, दाब पुरेसा आणि पुरेसा वेळ हवा. यातलं एक चुकलं तर सांधा दिसायला जुळलेला आणि प्रत्यक्षात नुसता टेकलेला. वरून रंग मारल्यावर काही कळत नाही.

१९४३ पासून मॉस्किटो इकडे, ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी बंगाल-बिहारच्या बाजूला यायला लागली. १९४४ मध्ये काही विमानं हवेतच मोडली. पंखाचं वरचं आवरण मुख्य तुळईपासून सुटून उचललं जात होतं. एका विमानात दोन माणसं असत. नोव्हेंबरमध्ये उड्डाणं थांबवून विमानांची तपासणी सुरू झाली. साहजिकच पहिला संशय आपल्या हवेवर गेला : उन्हाने आणि पावसाळ्याने सरस फुटला. कंपनीतर्फे मेजर हेरवर्ड दे हॅविलंड हिंदुस्थानात आले. ते जेफ्रींचे धाकटे भाऊ. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या पथकाचा अहवाल आला : सरस खराब झालेला नाही, दमट पावसाळ्यात लाकूड आकसल्यामुळे हे घडलं.

इथे आमचा जुना विषय आम्हाला गप्प बसू देत नाही. तर्कसंग्रहात अन्नंभट्टांनी कारणाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि उदाहरण कापडाचं घेतलं आहे. धागे हे समवायि कारण. विणकर, धोटा वगैरे निमित्त कारण. आणि धाग्यांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायि कारण. वर्गात हा तिसरा प्रकार शिकवताना विद्यार्थी जांभया देत. संयोग ही काय वेगळं कारण म्हणायची वस्तू आहे? आज वाटतं, वर्गात मॉस्किटो न्यायला हवं होतं. लाकूड उत्तम, विणकर म्हणजे कारागीर हजर, आणि तरी विमान नाही, कारण संयोग नाही! नैयायिक म्हणतात, संयोग नष्ट झाला की वस्तू नष्ट होते, धागे शाबूत असले तरी. बिहारच्या शेतात पडलेल्या त्या लाकडाच्या तुकड्यांना यापेक्षा नेमकं वर्णन मिळणार नाही.

बरं, संयोग गेला हे कळलं. तो गेला कशाने? पावसाळ्याने, असं म्हणायचं असेल तर अन्वय दाखवणं पुरत नाही. पावसाळा होता आणि सांधा सुटला, एवढ्याने भागत नाही. व्यतिरेक तपासावा लागतो : जिथे पावसाळा नव्हता, तिथे सांधे धड होते का? मेजरसाहेबांच्या पथकाने जे पाहिलं, ते सगळं पावसाळ्यातलंच होतं.

हा दुसरा प्रश्न नंतर विचारला गेला. कॅबट आणि मायर्स यांच्या चौकशीने दोष स्पष्टपणे बांधणीवर ठेवला. मग विमान उत्पादन मंत्रालयाच्या पथकाने इंग्लंडमध्येच, डेफर्डला, मॉस्किटोच्या सहा वेगवेगळ्या प्रकारांची विमानं तपासली. या विमानांनी मान्सून कधी पाहिला नव्हता, वाळवीही पाहिली नव्हती. त्यांच्यातही तसेच दोष निघाले. ही सगळी हॅटफील्ड आणि लीव्हसडेन इथल्या कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यांतली होती. सरस लावण्याच्या कामाचा दर्जा फारच कमी पडतो, असा निष्कर्ष निघाला. व्यतिरेकाने पावसाळा निर्दोष सुटला. निदान मुख्य आरोपी तरी तो राहिला नाही.

पण हवाई मंत्रालयाने जाहीरपणे पहिलाच अहवाल धरून ठेवला : अपघात मुख्यतः हवामानामुळे. वैमानिकांचा विमानावरचा विश्वास उडू नये, हा त्यामागचा विचार. युद्ध चालू होतं, ही अडचण आम्हाला समजते. तरी त्यातला सोयीस्करपणा नजरेआड करता येत नाही. हिंदुस्थानातलं हवामान साहेबाच्या कागदोपत्री पुष्कळ गोष्टींचं कारण होऊन बसलेलं होतं. त्यात आणखी एका गोष्टीची भर. हवामानाला नोकरी नसते, त्यामुळे त्याची चौकशी लागत नाही.

मेजरसाहेबांना खलनायक ठरवायची आम्हाला घाई नाही. या घराण्याने स्वतःच्या विमानांची किंमत स्वतःही मोजली. जेफ्रींचा मुलगा जॉन १९४३ साली दोन मॉस्किटोंच्या टकरीत गेला. थोरला, ज्याने ते पहिलं उड्डाण केलं होतं, तो १९४६ साली दुसऱ्या एका प्रायोगिक विमानात. विमान आपलं आहे, म्हणून माणसाला दोष बाहेर दिसतो, इतकंच आम्ही म्हणू. दुरुस्ती मात्र अगदी साधी निघाली. पंखाच्या वरच्या आवरणाच्या जोडावर, पंखाच्या लांबीभर, प्लायवूडची एक पट्टी बसवली, म्हणजे पाणी आत झिरपणार नाही. पट्टीने पाणी अडतं. आतला सरस कमी लावलेला असेल, तर तो पट्टीने जास्त होत नाही.

आता आमचा वारा. खऱ्या मॉस्किटोचे दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरत, त्यामुळे उड्डाणाच्या धावेत ते डावीकडे ओढत असे. वैमानिक डाव्या इंजिनाची ताकद किंचित आधी वाढवून ते सावरत. आम्हाला त्याहून सोपा उपाय आहे. मोटरच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते, मग त्या बाजूला उलट्या पिळाचा पंखा लावायचा. हे आम्ही पहिल्या दिवसापासून केलं होतं. दोन्ही स्पीड कंट्रोलर एकाच वेळी जागे व्हावेत म्हणून त्यांचं मोजमापही जुळवलं होतं. मग विमान डावीकडे का गेलं?

उखडलेलं घरटं हातात घेऊन आमच्यातल्या एका इंजिनिअर मित्राने भिंग लावलं. मोटरची लाकडी चकती सुटली होती आणि तिच्यावरच्या गोंदाला फोमचा एकही दाणा चिकटलेला नव्हता. चिकटला होता तो हिरवट रंग. म्हणजे गोंद आम्ही रंगावर लावला होता. गोंदाने रंग घट्ट धरला, आणि रंगाने फोम सोडून दिला. ताकद वाढताच चकती तिरकी झाली, डावीकडची ओढ कमी पडली, विमान वळलं. उजव्या बाजूचं घरटं तसंच जोडलेलं होतं. ते उखडलं नव्हतं, म्हणून आम्ही ते धड समजत होतो. उघडून पाहिलं, तर आत तोच रंग, तोच गोंद. त्याला वारा लागला नव्हता. आमचं डेफर्ड हेच.

चकती बसवणारे हात आमच्यातल्याच एकाचे, आणि तो आज हे व्याख्यान देतो आहे.

नंतर दोन्हीकडचा रंग पॉलिश पेपरने घासून काढला, फोम खडबडीत केला आणि दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी भरला. पांढरा सुतारी गोंद अशा बंद जागी आठवडाभर वाळत नाही. रात्रभर दोन्ही बाजू रबरबँडने आवळून ठेवल्या. आता ज्यांना पाहायचं असेल, त्यांनी पुढे यावं. डाव्या पंखाच्या मुळाशी जोड दिसेल, तो मुद्दाम रंगवलेला नाही. बोट लावून पाहायला हरकत नाही. पंख्यांना मात्र हात नको. बॅटरी काढलेली आहे, तरीही नको.