५०४ एमबीची वेस
जुन्या संगणकात नवी हार्ड डिस्क बसवली आणि पडद्यावर तिचं नावच आलं नाही, की दुरुस्तीवाला आधी केबल बघतो, मग जंपर. बहुतेक वेळा दोष तिथंच सापडतो. पण नव्वदच्या दशकात या तक्रारीची आणखी एक तऱ्हा होती: डिस्क दिसायची, पण सगळी नाही. ८५० एमबीची आणली तरी यंत्र ५०४ वर अडून बसायचं. हा आकडा ना डिस्क बनवणाऱ्यांनी ठरवला होता, ना बायोस लिहिणाऱ्यांनी.

आयबीएमच्या १९८१च्या पीसीत हार्ड डिस्क नव्हतीच. १९८३च्या एक्सटीमध्ये १० एमबीची आली. तिला वाचणारा प्रोग्राम कंट्रोलर कार्डावरच्या चिपमध्ये असे. १९८४च्या एटीनं हे काम मदरबोर्डावरच्या बायोसकडे दिलं. तेव्हाच्या डिस्कला स्वतःबद्दल काही सांगता येत नसे, म्हणून बायोसमध्ये एक तक्ता होता. अमुक टाइप म्हणजे इतके सिलिंडर, इतके हेड. बसवणाऱ्यानं आपल्या डिस्कशी जुळणारा टाइप निवडायचा. तो क्रमांक घड्याळाच्या चिपमध्ये, बॅटरीवर जगणाऱ्या मोजक्या बाइट्समध्ये लिहिला जाई. दोन डिस्कना मिळून तिथं एकच बाइट होता, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला अर्धा. शून्य म्हणजे डिस्क नाही. पहिल्या एटीत सारे मिळून १४ टाइप होते. बॅटरी संपली की टाइप पुसला जायचा आणि धडधाकट डिस्क 'नाही' ठरायची. त्या पिढीचं यंत्र आज कुणी उघडलं, तर केबलच्याही आधी बॅटरी बघावी.

खरी गोम मात्र पत्त्यात होती. बायोसला 'अमुक सेक्टर वाच' असं सांगायचं ते इंटरप्ट १३ मार्फत, आणि ही पद्धत फ्लॉपीच्या काळात ठरलेली. फ्लॉपीला ट्रॅकसाठी एक बाइट पुरे होता, सेक्टरसाठी एक. हार्ड डिस्क आल्यावर ट्रॅकचा बाइट अपुरा पडला, म्हणून सेक्टरच्या बाइटमधले दोन बिट त्याला उसने दिले. सिलिंडरला १० बिट झाले, सेक्टरला ६ उरले. सेक्टरची मोजणी एकपासून होते, म्हणून ६४ नव्हे, ६३. हेडसाठी पुरे ८ बिट. म्हणजे १०२४ सिलिंडर, २५६ हेड, ६३ सेक्टर, आणि सेक्टरला ५१२ बाइट धरले तर ८.४ जीबीच्या आसपास. डिस्क १० एमबीची असताना याला कंजुषी म्हणणं अन्यायाचं होईल.

दुसऱ्या बाजूला कंट्रोलर होता. १९८६च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक यांनी तो थेट डिस्कवरच चढवला. तीच आयडीई. जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून एटीच्या कंट्रोलरचे रजिस्टर जसेच्या तसे ठेवले. तिथली वाटणी वेगळी होती: सिलिंडरला १६ बिट, सेक्टरला ८, पण हेडला फक्त ४. या हिशेबानं डिस्क १३७ जीबीपर्यंत जाऊ शकत होती.

दोन्ही वाटण्या आपापल्या जागी ऐसपैस. पण पत्ता दोन्ही दारांतून जायचा, त्यामुळे प्रत्येक बाबतीत जो लहान तोच चाले. १०२४ सिलिंडर बायोसचे, १६ हेड आयडीईचे, ६३ सेक्टर पुन्हा बायोसचे. गुणाकार केला की ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट्स. म्हणजेच ५०४ एमबी. डिस्क विकणारे दशमान धरून याच वेशीला ५२८ म्हणत. गंमत अशी, की छोट्याशा डिस्कमध्ये १६ हेड मावतच नसत. डिस्क तो आकडा केवळ बायोसला पटावा म्हणून सांगायची.

१९९४च्या सुमारास उतारा आला, तोही असल्याच सोंगाचा. बायोसनं सिलिंडरांना दोन, चार, आठनं भागायचं आणि हेडना तितक्यानंच गुणायचं. सेटअपमधले 'नॉर्मल', 'लार्ज', 'एलबीए' हे पर्याय इथून आले. एका पर्यायावर भरलेली डिस्क दुसऱ्या पर्यायाच्या यंत्रात लावली की माहितीचा चुथडा दिसे, म्हणून जुन्या यंत्रातली डिस्क हलवताना आधी हा पर्याय टिपून ठेवणं शहाणपणाचं. ज्यांचं बायोस बदलणं शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी ऑनट्रॅकच्या डिस्क मॅनेजरसारखा प्रोग्राम डिस्कच्या सुरुवातीलाच बसून भाषांतर करायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या पीसीचा मदरबोर्ड कुणाचा, हेच कधी कधी कळत नसे. तिथं हा मार्ग सोयीचा. मात्र फ्लॉपीवरून यंत्र सुरू केलं तर तो प्रोग्राम चालतच नसे आणि भरलेली डिस्क कोरी भासे.

पुढच्या वेशी भराभर आल्या. काही बायोसनी सिलिंडरला १२च बिट ठेवले होते, ती यंत्रं २.१ जीबीला अडली. ८.४ जीबीला इंटरप्ट १३च संपला आणि त्याला नवी पुरवणी जोडावी लागली. मग आली ३३.८ जीबी. १९९९च्या मध्याआधीची अवॉर्ड कंपनीची कित्येक बायोसं एकूण सेक्टरांवरून सिलिंडर काढत, उत्तर ६५,५३५ च्या वर गेलं की गोंधळत, आणि यंत्र डिस्क शोधता शोधताच गोठून जाई. ग्राहकाला वाटे नवी डिस्कच बिघडलेली. डिस्कवाल्यांनी यावर एक जादा जंपर दिला. तो लावला की डिस्क आपला आकार कमी सांगायची. ४० जीबीची डिस्क ३२ची म्हणून मिरवायची आणि यंत्र सुखानं सुरू व्हायचं.

२००१ मध्ये मॅक्सटरनं १६० जीबीची डिस्क आणली आणि आयडीईचे २८ बिट संपले. नवा पत्ता ४८ बिटांचा, पण रजिस्टर वाढवले नाहीत. त्याच रजिस्टरांत दोनदा लिहायचं, असं ठरलं. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत चतुर जुगाड वाटतो. सर्व्हिस पॅक नसलेल्या एक्सपीला मात्र हे ठाऊक नव्हतं, आणि १३७ जीबीपलीकडे लिहिण्याच्या नादात ती डिस्कच्या सुरुवातीची माहिती खराब करू शकत असे. त्यानंतरची वेस २.२ टीबीची; ती डिस्कच्या पत्त्याची नव्हे, सेक्टर ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरची. इथं यंत्र अडतं असंही नाही. मोजणी फिरून पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीची दिसते. विचित्र आकडा दिसला की दोष कुठं आहे हे जाणकार त्याच्यावरूनच ओळखतो.

अलीकडची तऱ्हा मात्र आकड्यांची नाही. आयडीईच्या जागी आलेल्या साटाच्या वीजजोडणीतली तिसरी पिन पूर्वी ३.३ व्होल्टची होती आणि डिस्क तिच्याकडे लक्ष देत नसे. नव्या मानकात त्या पिनेवर व्होल्टेज आलं की डिस्कनं बंद राहायचं, असा अर्थ ठरला. सर्व्हरवाल्यांना दुरून डिस्क बंद-चालू करता यावी म्हणून. जुना पॉवर सप्लाय तिथं इमानेइतबारे ३.३ व्होल्ट पुरवत राहतो आणि अशी डिस्क फिरायलाच लागत नाही. मग त्या पिनेवर उष्णता सोसणाऱ्या टेपचा बारीक तुकडा चिकटवतात, किंवा ३.३ व्होल्टची तार नसलेला चार पिनांच्या मोलेक्समधून निघणारा अडॅप्टर वापरतात. त्यातही साच्यात घट्ट ओतलेले स्वस्त अडॅप्टर तापून वितळतात, तेव्हा तारा खाचेत दाबून बसवलेला घ्यावा.