गिरणगाव

गिरणगाव : मुंबई शहराच्या मध्यभागातील सुती कापडाच्या गिरण्या आणि त्यांतील कामगारांची वस्ती यांनी व्यापलेल्या प्रदेशाचे लोकप्रचलित नाव. दक्षिणेस ताडदेव-भायखळ्यापासून उत्तरेस दादरच्या सीमेपर्यंत आणि पश्चिमेस वरळीपासून पूर्वेस शिवडीपर्यंतचा टापू सामान्यतः या नावाने ओळखला जातो. लालबाग, परळ, चिंचपोकळी, करी रोड, डिलाइल रोड (ना. म. जोशी मार्ग), प्रभादेवी व नायगाव ही त्यातील प्रमुख ठिकाणे होत. महानगराच्या पोटात वसलेल्या या भागाला लोकांनी ‘गाव’ म्हटले, ते तेथील राहणीकडे पाहून.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी ताडदेव येथे १८५६ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या निर्यातीतून मुंबईत अमाप पैसा आला. युद्ध संपताच सट्टा कोसळला. तथापि त्यानंतरच्या दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि मुंबईचे सूत चीनच्या बाजारपेठेत जाऊ लागले. गिरण्यांसाठी मजूर आले ते प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून आणि त्याखालोखाल सातारा, कोल्हापूर, पुणे या घाटावरील जिल्ह्यांतून. उत्तर भारतातील मुसलमान विणकर मदनपुऱ्यात स्थिरावले. तेलुगू भाषक पद्मशाली विणकरही येथे आले. कोकणातील कुटुंबाची शेती एवढी तुटपुंजी असे, की मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवाचून तिचा निभाव लागत नसे. उलट गिरणीतील मजुरीही इतकी अपुरी असे, की आजारपण, बाळंतपण व म्हातारपण यांचा भार गावाकडच्या घरालाच उचलावा लागे. गिरणगाव आणि कोकण ही अशा रीतीने एकाच संसाराची दोन टोके होती.

या वस्तीचे दैनंदिन जीवन गिरणीच्या भोंग्याने बांधलेले होते. ज्या काळी कामगाराच्या घरी घड्याळ असणे दुर्मिळ होते, त्या काळी भोंग्यावरूनच चूल पेटे, पाणी भरले जाई आणि मुले शाळेला निघत. आरंभी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचे तास कमी होण्याऐवजी तेरा-चौदापर्यंत वाढले. रविवारची साप्ताहिक सुटीदेखील आपोआप मिळालेली नाही; नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चालविलेल्या प्रयत्नांनंतर ती १८९० मध्ये मान्य झाली. कायद्याने प्रौढांचे कामाचे तास १९११ मध्ये बारा, १९२२ मध्ये आठवड्यास साठ आणि १९३४ मध्ये आठवड्यास चोपन्न असे क्रमाने खाली आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिसरी पाळी रुळली, तेव्हापासून गिरणगावातील रस्ते रात्रीही जागते राहिले.

निवासाची व्यवस्था पाळ्यांशी जुळलेली होती. चाळीतील एका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा, कधी त्याहून अधिक पुरुष राहत. दिवसपाळीचे लोक बाहेर पडले, की रात्रपाळीचे त्याच जागी अंथरूण टाकीत. अनेकदा खोली गावाच्या नावावर घेतलेली असे आणि भाडे, पाहुणा, आजारी व नोकरीच्या शोधात आलेला नवखा मुलगा या सर्वांचा हिशेब गावकीच पाही. १८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर मुंबई सुधारणा मंडळ (इंप्रुव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाले (१८९८) व त्याने काही चाळी बांधल्या. पुढे १९२० च्या दशकात शासनाच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या, त्या ‘बी.डी.डी. चाळी’ म्हणून प्रसिद्ध आहेत. तीन मजल्यांवर व तळमजल्यावर मिळून ऐंशी खोल्या, प्रत्येक खोली सु. १६० चौ. फुटांची आणि शौचकूप सामाईक, अशी त्यांची रचना. खोली एवढी लहान, की संसाराचा बराच भाग व्हरांड्यात आणि गल्लीतच पार पडे. चाळीतील शेजाराचे जे गोडवे गायले जातात, त्यांच्या मुळाशी ही जागेची टंचाई होती, हे विसरून चालत नाही.

एकट्याने राहणाऱ्या कामगारांच्या जेवणाची सोय खाणावळी करीत. चाळीतील एखादी स्त्री, बहुधा गिरणी कामगाराची पत्नी किंवा विधवा, आपल्याच खोलीत पाच-पन्नास माणसांचा स्वयंपाक करी व पैसे पगाराच्या दिवशी घेई. मधल्या काळात धान्य उधारीवर किंवा सावकाराच्या कर्जावर आणावे लागे. संप लागला की कामगारांचे पैसे थकत, पण त्यांचे जेवण सहसा बंद होत नसे. संपाचा भार अशा रीतीने या स्त्रियांवर पडे. संपांच्या इतिहासात त्यांची नोंद मात्र क्वचितच आढळते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून खाणावळवाल्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. प्रत्यक्ष गिरण्यांतही १९२० च्या दशकात स्त्री-कामगारांचे प्रमाण सु. एकपंचमांश होते, सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्यांचा भरणा असे. यंत्रे बदलली व रात्रपाळ्या वाढल्या तसे ते घटत गेले.

गिरणगावच्या एकजुटीला जातिभेदाची मर्यादा होती. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना कताई खात्यात घेतले जाई. अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात मात्र प्रवेश नसे. धोट्यातील कांडी संपली, की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि इतर कामगारांना त्यात विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला. ते स्वतः परळच्या पोयबावडी भागातील सुधारणा मंडळाच्या चाळीत दीर्घकाळ राहिले होते.

या भागातील महत्त्वाच्या स्थळांत भायखळ्याचे राणीचे बाग (सांप्रत जिजामाता उद्यान) व त्यातील वस्तुसंग्रहालय, परळच्या जुन्या राजभवनातील हाफकिन संस्था, राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय (१९२६) आणि टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) यांचा समावेश होतो. तथापि रहिवाशांच्या दृष्टीने खऱ्या खुणा निराळ्या होत्या : कामाची बातमी मिळण्याचे नाके, बदली कामगार पहाटे उभे राहत ती गिरण्यांची फाटके, सभांचे कामगार मैदान आणि नरे पार्क, नाटकांचे दामोदर नाट्यगृह, मराठी चित्रपटांचे लालबाग येथील भारतमाता चित्रपटगृह. नमन, दशावतार, तमाशा व भजन हे गावाकडचे प्रकार येथे आले आणि त्यांतूनच कामगार रंगभूमी आकारास आली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचा (१९४४) श्रोतृवर्ग मुख्यत्वे याच वस्तीतला. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेले नारायण सुर्वे यांच्या कवितेची भाषाही याच रस्त्यांवर घडली.

लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी प्राण देणारे बाबू गेनू हे गिरणी कामगारच होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही हा विभाग आघाडीवर राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सु. अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. वेतनवाढ व बदली कामगारांना कायम करणे यांबरोबरच, एकाच संघटनेस मान्यता देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करावा, ही त्यातील मागणी होती. तडजोड झाली नाही. संप औपचारिक रीत्या कधी मागेही घेतला गेला नाही. लाखाच्या आसपास कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही. शासनाने १९८३ मध्ये तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. इतर अनेक गिरण्या कालांतराने बंद पडल्या. संपाला एकट्याने जबाबदार धरणे मात्र सयुक्तिक नाही. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि कापडापेक्षा जमिनीला आलेली किंमत ही कारणे आधीपासूनच होती.

पुढचा वाद याच जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमानुसार, पुनर्विकासास निघालेल्या गिरणीच्या जमिनीचे सामान्यतः तीन वाटे व्हावयाचे होते : मोकळ्या जागांसाठी एक, सार्वजनिक घरबांधणीसाठी एक व मालकास एक. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या भूमीपुरते उरले आणि सु. ६०० एकरांपैकी शहराच्या वाट्यास फारच थोडी जागा आली. सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती २००६ मध्ये ग्राह्य ठरविली. गिरण्यांच्या आवारांत व्यापारी संकुले, कार्यालये आणि उंच निवासी मनोरे उभे राहिले. भोवतालचे रस्ते व रेल्वेस्थानके मात्र पूर्वीचीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (२०१८ पासून प्रभादेवी) स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मृत्युमुखी पडले.

काम गेलेल्या कामगारांपैकी काही गावी परतले. काहींनी भाजी विकली, पहारेकऱ्याची नोकरी धरली. अनेक घरांचा चरितार्थ स्त्रियांच्या घरकामावर चालला. कामगार संघटनांच्या दीर्घ लढ्यानंतर गिरण्यांच्या जमिनीवर बांधलेली काही घरे कामगारांना वा त्यांच्या वारसांना सोडतीने देण्यात आली. अर्जदारांच्या मानाने त्यांची संख्या अल्प आहे. चाळीतील खोल्या विकून पुष्कळ कुटुंबे विरार, डोंबिवली, कल्याण या बाजूंस गेली. मात्र चिंचपोकळी (१९२०), लालबागची गणेश गल्ली (१९२८) व लालबाग बाजार (१९३४) येथे सुरू झालेल्या सार्वजनिक गणेशोत्सवांसाठी यांपैकी अनेक जण दरवर्षी आपल्या जुन्या गल्लीत येतात.