कात्री जुनीच आहे : चिंचवडच्या चापेकरांपासून आजच्या रीलपर्यंत

#थ्रेड

आजचा थ्रेड एका कबुलीने सुरू करतो. गेल्या वर्षी आम्ही पिंपरी-चिंचवडमधील निवृत्त कामगारांच्या दीर्घ मुलाखती चित्रित करीत होतो. १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातून आलेले एक काका दोन तास चाळीस मिनिटे बोलले. त्यातून पंचेचाळीस सेकंदांचे रील काढण्याचे काम माझ्याकडे होते. काकांच्या तोंडचे एक वाक्य मला सापडले : "कारखान्यानं आमाला मानूस केलं." मी तिथेच कापले आणि खाली संगीत लावले. रील चांगले चालले.

काकांनी ते नातवाच्या मोबाईलवर पाहिले आणि मला फोन केला. "बाळा, म्या एवढंच बोललो व्हय?" मी मूळ चित्रफीत पुन्हा उघडली. वाक्य तिथे संपत नव्हते. पुढे स्वल्पविराम होता : "पण दोन बोटं ठेवून घेतली." एका लहानशा वर्कशॉपमध्ये प्रेसखाली त्यांची उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. बोलताना त्यांनी तो हात वर उचलला होता. उभ्या चौकटीसाठी मी चित्राच्या दोन्ही कडा छाटल्या, तेव्हा तो हातही चौकटीबाहेर गेला.

दीर्घ बोलण्यातून छोटा तुकडा काढण्याची ही खोड मोबाईलने लावली, असे आपण सहज म्हणतो. इतिहास तसे सांगत नाही. कात्री जुनीच आहे, आणि तिच्या खुणा शोधायला आपल्याला चिंचवडगावाबाहेरही जावे लागत नाही.

"गोंद्या आला रे आला." हे शब्द ठाऊक नसलेला मराठी इतिहासप्रेमी विरळाच. २२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ गणेशखिंडीतील गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आज जिथे पुणे विद्यापीठ आहे तिथे, साजरा झाला. रात्री तो आटोपून प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड बग्गीतून परतत होता. चिंचवडचे दामोदर हरि चापेकर बग्गीमागे धावले, ठरलेला इशारा दिला आणि त्यांनी रँडवर गोळी झाडली. मागच्या बग्गीतील लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्ण चापेकरांनी गोळी झाडली. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला.

त्या रात्रीचे सारे नाट्य तीन-चार शब्दांत मावले आणि लोकांच्या तोंडी राहिले. १९७९ मध्ये या घटनेवर '२२ जून १८९७' हा चित्रपट निघाला, आणि अलीकडे तर 'गोंद्या आला रे' या नावाचीच वेबमालिका आली. इशारा हा मुळातच छोटा असतो, त्याने छोटेच राहावे. अडचण पुढे येते. त्या एका हाकेलाच आपण दामोदरपंतांचे संपूर्ण म्हणणे समजू लागतो.

वास्तविक या माणसाने आपले म्हणणे अतिशय विस्ताराने मांडून ठेवले आहे. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्याआधी त्यांनी मराठीत आत्मवृत्त लिहिले. कीर्तनकार वडील, त्यांच्या मेळ्याबरोबर गावोगाव केलेली भटकंती, लष्करी शिक्षणाची विलक्षण ओढ, मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकिकत, हे सारे त्यात आहे. ते वाचताना आजच्या तरुण वाचकाला काही ठिकाणी अवघडल्यासारखे होईल. समाजसुधारकांविषयीचा तीव्र द्वेष त्यात आहे, सुधारकांवर केलेल्या हल्ल्यांचे समर्थन आहे, आणि ज्या टिळकांचे नाव आपण चापेकरांच्या शेजारी घेतो, त्यांच्यावरही टीका आहे. प्लेगच्या काळात गोऱ्या शिपायांनी घराघरांत घुसून केलेल्या छळाचा संताप तर आहेच. हुतात्म्याच्या चित्राला हार घालण्यापूर्वी हे सगळे वाचावे, असे माझे मत आहे. त्याने हाराची किंमत कमी होत नाही. माणूस मात्र पूर्ण दिसतो.

आता याच महिन्यातील दुसरा तुकडा पाहू. याने एका माणसाला तुरुंगात धाडले.

जून १८९७ मध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्यात फर्ग्युसन कॉलेजचे प्राध्यापक भानू यांनी अफझलखानाच्या वधावर व्याख्यान दिले, आणि समारोपात टिळक बोलले. थोर पुरुषांची कृत्ये दंडसंहितेच्या चौकटीत मोजू नयेत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. त्यांनी गीतेचा आधारही घेतला. १५ जूनच्या 'केसरी'त या उत्सवाचा वृत्तांत आला. व्याख्याने कितीही वेळ रंगलेली असोत, साप्ताहिकाच्या स्तंभात त्यांचा सारांशच मावणार. ही पहिली काटछाट, आणि ती मित्रांच्या हातून झालेली. ध्वनिमुद्रण नव्हतेच. श्रोत्यांपैकी कोणी टिपून घेतले ते उरले, बाकीचे सभामंडपातच विरले.

सातच दिवसांनी गणेशखिंडीत गोळ्या झडल्या. त्यानंतर त्या वृत्तांताला निराळाच अर्थ आला. २७ जुलै रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली आणि कलम १२४ अ खाली राजद्रोहाचा खटला उभा राहिला. आता न्यायालयापुढे काय होते ते नीट पाहा. मूळ भाषण नव्हते, भाषणाचा सारांश होता. त्या सारांशातील आक्षेपार्ह ठरवलेले उतारे होते, आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता होती. हे सारे इंग्रजी भाषांतरात. निर्णय देणाऱ्या नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपीय होते. ज्या भाषेत शब्द बोलला गेला, त्या भाषेचा कान त्यांच्यापाशी नव्हता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी 'डिसअफेक्शन' म्हणजे केवळ सरकारविषयीच्या प्रेमाचा अभाव, असा अर्थ सांगितला, तेव्हा उरलीसुरली जागाही संपली. १४ सप्टेंबर १८९७ रोजी सहा विरुद्ध तीन अशा मतांनी टिळक दोषी ठरले. तिघे हिंदी ज्यूरी विरोधात होते. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरीची.

सभेतले भाषण, त्याचा सारांश, सारांशातले उतारे, उताऱ्यांचे भाषांतर. चार पायऱ्या. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपण काहीही बदललेले नाही, फक्त आवश्यक तेवढेच घेतले, असेच वाटले असणार. कात्री चालवणाऱ्या प्रत्येकाला तसेच वाटते. मलाही वाटले होते.

टिळक हा धडा विसरले नाहीत. १९०८ मध्ये त्यांच्यावर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. या वेळी न्यायमूर्ती होते दिनशा दावर, ज्यांनी १८९७ मध्ये बॅरिस्टर म्हणून याच टिळकांच्या जामिनासाठी बाजू मांडली होती. (इतिहास कधीकधी कादंबरीकाराला लाज आणतो.) टिळकांनी आपला बचाव स्वतः केला आणि ते एकूण २१ तास १० मिनिटे बोलले. इतका वेळ कशासाठी? लेख तुटक उताऱ्यांत वाचू नका, संपूर्ण वाचा. ज्या अँग्लो-इंडियन पत्रांना ते उत्तर होते त्यांच्यासह वाचा. आणि मराठी शब्दाला इंग्रजीत कोणता रंग चढवला गेला तेही तपासा, हे सांगण्यासाठी. एकेका शब्दाच्या भाषांतरावर त्यांनी वाद घातला. तुकड्याविरुद्ध संपूर्णाच्या बाजूने केलेला याहून प्रदीर्घ युक्तिवाद आपल्या इतिहासात मला तरी ठाऊक नाही.

तो हरला. २२ जुलै रोजी सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती त्यांनी मंडालेत भोगली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला. निकालानंतर, शिक्षा सुनावण्यापूर्वी, टिळकांनी दोन-तीन वाक्येच उच्चारली. ज्यूरीने काहीही म्हटले तरी मी निर्दोष आहे, मानवी न्यायासनाहून श्रेष्ठ शक्ती जगाचे नियमन करतात, आणि मी अंगीकारलेल्या कार्याची भरभराट कदाचित माझ्या कष्ट भोगण्यानेच व्हायची असेल, असा त्यांचा आशय होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या त्याच दालनाबाहेर ती वाक्ये संगमरवरावर कोरलेली आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला यांच्या हस्ते त्या शिलालेखाचे अनावरण झाले.

एकवीस तास विस्मरणात गेले आणि अर्धे मिनिट दगडावर राहिले, म्हणून हळहळावे का? मला तसे वाटत नाही. ते अर्धे मिनिट बोलणाऱ्याने स्वतः घडवले होते. त्याची सुरुवात त्याची, शेवटही त्याचाच. शिवाय न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी खटल्याचा समग्र वृत्तांत इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. शिलालेख वाचून ज्याला शंका येईल, त्याला मागे जाण्याची वाट मोकळी राहिली. १८९७ च्या भाषणाला अशी वाट नव्हती.

ही मागची वाट सगळीकडे जपली गेली असेही नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाने १९४८ मध्ये मौखिक इतिहासाचा प्रसिद्ध उपक्रम सुरू केला, तेव्हा आरंभीची कित्येक वर्षे मुलाखत कागदावर उतरवली की तीच टेप पुसून पुन्हा वापरली जाई. शब्द उरले, आवाज गेले. टेप महाग होती, हे कारण समजण्यासारखे आहे. आज साठवण इतकी स्वस्त असताना रील चढवून झाल्यावर मूळ फाइल 'जागा मोकळी करायला' पुसणाऱ्याकडे कोणते कारण आहे?

आपल्या परिसरासाठी हा प्रश्न तातडीचा आहे. चाकण म्हटले की आपल्याला १६६० आठवते, शायिस्ताखानाचा वेढा आणि फिरंगोजी नरसाळ्यांची झुंज. ते आठवावेच. पण फाळणीनंतर पिंपरीच्या छावणीत आलेली सिंधी कुटुंबे, १९५४ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आणि तिथे तयार होऊ लागलेले पेनिसिलीन, १९६० च्या दशकात एमआयडीसीपाठोपाठ आलेले मोठे कारखाने आणि त्यांच्या भोवती उभी राहिलेली असंख्य वर्कशॉप, हाही इतिहासच आहे, आणि त्याचे साक्षीदार आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यासाठी कोणी बखर लिहिलेली नाही. जे काही राहील ते आपल्या मोबाईलमध्ये राहील.

म्हणून जे तरुण मित्र असे काम करतात, त्यांना अनुभवाचे थोडे सांगतो. वाक्यात 'पण' आला की कात्री थांबवा. माणसे खरे ते बहुधा 'पण'नंतर बोलतात. उत्तर ठेवताना प्रश्न उडवू नका, कारण प्रश्नाविना उत्तर घोषणेसारखे ऐकू येते. खालच्या मजकुरात बोलीचे प्रमाणभाषेत 'शुद्धीकरण' करणे तर मला भाषांतरकाराच्या चुकीइतकेच गंभीर वाटते. रीलखाली मूळ मुलाखतीचा दुवा द्या, आणि हा तुकडा कितव्या मिनिटाचा तेही लिहा. फार थोडे लोक तिकडे जातील. १९०८ चा समग्र वृत्तांतही फार थोड्यांनीच वाचला असेल. आणि तुकडा लोकांपुढे ठेवण्याआधी ज्याचा आवाज आहे त्याला दाखवा. हे मी केले असते तर हा थ्रेड लिहावा लागला नसता.

काकांचे पहिले रील मी काढून टाकले. दुसरे एक मिनिट बारा सेकंदांचे झाले. ते आडव्या चौकटीतच ठेवले, त्यामुळे हात दिसतो. संगीत नाही, मागे पंख्याचा आवाज येतो. ते घेऊन मी चिखलीला त्यांच्या घरी गेलो, सोबत पेनड्राइव्हवर पूर्ण मुलाखतही दिली. त्यांनी रील एकदा पाहिले आणि मान डोलावली. मग नातवाला टीव्हीला पेनड्राइव्ह लावायला सांगितले, आणि काकूंना स्वयंपाकघरातून हाक मारली. दोन तास चाळीस मिनिटे आम्ही चौघे तिथे बसून होतो. मधे दोनदा चहा झाला. गाव सोडल्याच्या हकिकतीपाशी काकूंनी त्यांना थांबवले आणि तारीख दुरुस्त केली. ती दुरुस्ती मी तिथेच मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घेतली.