संघोलची पुरलेली वेदिका

चंडीगडच्या सेक्टर १७ मधील मोकळ्या चौकात उभे राहिले म्हणजे भूतकाळाचा मागमूसही लागत नाही. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्याबरहुकूम हे नगर १९५० नंतर वसविले गेले. येथील काँक्रीटच्या खांबांना पूर्वज नाहीत. परंतु सकाळी येथून निघून लुधियान्याच्या रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर गेले की संघोल लागते, आणि प्रवासी दोन हजार वर्षे मागे जाऊन दिवेलागणीपूर्वी परत येऊ शकतो.

पंजाबी लोक या गावाला ‘उच्चा पिंड’, म्हणजे उंच गाव, असेही म्हणतात. वस्तीवर वस्ती साचून झालेल्या टेकाडावर ते वसले आहे. उत्खननात येथे बौद्ध स्तूप आणि विटांचे विहार उघडे झाले. स्तूपाचा पाया आऱ्यांनी जोडलेल्या चाकासारखा आहे. धर्मचक्राची आठवण व्हावी, असाच.

फेब्रुवारी १९८५ मध्ये स्तूपालगतच्या एका खड्ड्यात ११७ शिल्पखंड सापडले: ६९ स्तंभ, ३५ सूची आणि १३ उष्णीष. स्तूपाभोवतीची संपूर्ण वेदिकाच म्हणावयाची. मथुरेच्या तांबड्या वालुकाश्मातील, कुषाणकालीन घडणीची. स्तंभांवर वृक्षाखाली उभ्या असलेल्या शालभंजिका आहेत. विरक्तांच्या दारी इतके प्रसन्न, ऐहिक सौंदर्य पाहून नवखा प्रेक्षक थोडा गोंधळतोच. पण खरे आश्चर्य निराळे. हे खांब कोणी फोडून फेकलेले नव्हते. सांधे सोडवून ते उतरविलेले होते आणि नीट रचून ठेवलेले होते. हूणांच्या भयाने हे घडले, असे काही अभ्यासक मानतात. तोरमाण व मिहिरकुल यांची नाणी संघोलला मिळाली आहेत, हे खरे. तेवढ्यावरून निर्णय देणे मात्र धाडसाचे होईल. ज्यांनी खांब पुरले त्यांना ते पुन्हा उभारावयाचे होते, एवढे खड्डाच सांगतो.

आर्मेनियात येरेव्हानहून असाच एका दिवसात पाहून येण्याजोगा गेगार्डचा मठ आहे. १३व्या शतकातील त्याचा काही भाग, आपल्या कार्ले-भाज्यांप्रमाणे, डोंगरातच कोरलेला आहे. ‘गेगार्ड’ म्हणजे भाला. ख्रिस्ताच्या कुशीत खुपसला गेला अशी ज्याबद्दल श्रद्धा आहे तो भाला तेथे जपलेला होता. आज तो एचमियाद्झिनला आहे. तेथे ठेवा हलला, तरी त्याला ओळखणारे उरले. संघोलला खड्ड्याची जागा ठाऊक असलेले कोणी उरले नाही. वेदिकेची शिल्पे गावात १९९० साली उघडलेल्या संग्रहालयात मांडली गेली. स्तूपाभोवती मात्र ती पुन्हा उभी राहिली नाही.