साडेअकरा पौंडांचा हिशेब

बडोद्याच्या महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि बाबासाहेब परदेशात शिकले, असे आपण एका वाक्यात सांगून मोकळे होतो. हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. ज्याचे शिक्षण पैशांपायी अर्ध्यावर थांबले, अशा माझ्यासारख्या वाचकाची नजर चरित्र वाचताना आधी जमाखर्चाकडे जाते. आंबेडकरांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा जमाखर्च मांडला, तर त्यात एक नव्हे, चार खाती निघतात.

पहिले खाते सयाजीराव गायकवाडांचे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या शब्दामुळे बी.ए.च्या अभ्यासासाठी महिना २५ रुपये मिळाले होतेच. जून १९१३ मध्ये अमेरिकेसाठी करार झाला : दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी. तेव्हाच्या पंधरा रुपयांना एक पौंड या दराने ही रक्कम महिना पावणेदोनशे रुपयांच्या आत बसते. वडील रामजी त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. न्यूयॉर्कचा खर्च भागवून याच पैशातून मुंबईच्या घरीही पाठवायचे होते. १९१५ मध्ये कोलंबियाची एम.ए. झाली आणि पुढच्या वर्षी पीएच.डी.चा प्रबंधही लिहून झाला. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत लंडन विद्यापीठाने दिली, एवढाच आधार. सामानासोबत पाठवलेली पुस्तके पाणतीराने बुडालेल्या जहाजाबरोबर गेली.

कराराप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले. तिथे अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, आणि नोकरी सुटली. शिष्यवृत्तीने विद्वान घडवला. त्याला घर भाड्याने मिळवून देणे मात्र कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते.

दुसरे खाते स्वतःच्या पगाराचे. नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. पगार महिना ४५० रुपये. पण राहणी चाळीतली ठेवली आणि उरेल तो पैसा लंडनसाठी बाजूला टाकला. तिसरे खाते राजर्षी शाहू महाराजांच्या मदतीचे. चौथे नवल भथेना या कोलंबियातल्या पारशी मित्राचे : पाच हजार रुपये कर्ज. ही तिन्ही खाती एकत्र आली, तेव्हा जुलै १९२० मध्ये ते पुन्हा बोटीवर चढले.

लंडनमध्ये दिवसभर ग्रंथालय, आणि रात्री भूक लागली की पापड. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२२ मध्ये बॅरिस्टरी झाली. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईत परतले. डी.एस्सी.च्या प्रबंधातल्या दुरुस्त्या मग इथूनच करून पाठवल्या, आणि त्याच वर्षी ती पदवी मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. मात्र प्रबंध छापून प्रती सादर केल्याशिवाय हाती पडत नसे; ती १९२७ मध्ये पडली. प्रबंध लिहून झाल्यावर दहाहून अधिक वर्षांनी!

या हिशेबाची पोच त्यांनी स्वतः दिली आहे. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ सयाजीरावांना अर्पण केला, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा आईवडिलांच्या स्मृतीला. दोन्ही अर्पणपत्रिकांत शिक्षणाच्या ऋणाचा उल्लेख आहे. म्हणजे रामजी सुभेदारांच्या ओढाताणीलाही त्यांनी संस्थानच्या शिष्यवृत्तीइतकेच मोठे खाते मानले.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना दलित विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून तरतूद व्हावी म्हणून त्यांनी आग्रह धरला. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्याला चार दारे ठोठवावी लागली, त्याने पुढच्यांसाठी एक दार कायद्याच्या भिंतीत बसवण्याचा प्रयत्न केला. हप्ता वेळेवर न आल्याने वसतिगृह सोडणारी मुले आजही दिसतात. १९१७ साली लंडनहून परतणाऱ्या त्या विद्यार्थ्याची आठवण अशा वेळी व्हावी. त्याला परत जायला तीन वर्षे लागली. सगळ्यांनाच परत जाता येत नाही.